विणकर विनोबा

पिंपरीहून निगडीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले की आकुर्डीला बजाजांच्या कंपनीची पाटी दिसते. आमच्यापैकी निम्म्या मुलामुलींच्या घरी कोणी ना कोणी या पट्ट्यातल्या कुठल्या तरी कारखान्यात नोकरीला होते किंवा आहे, म्हणून ती पाटी आम्ही पाहतो आणि विसरतो. पण या घराण्याचे मूळ पुरुष जमनालाल बजाज यांनी १९२१ साली साबरमतीच्या आश्रमातून एका पंचविशीतल्या मराठी तरुणाला वर्ध्याला मागून आणले, आणि पुढे आपला मुलगा कमलनयन याला शिक्षणासाठी त्याच्या हाती सोपवले, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. तो तरुण म्हणजे विनोबा भावे. शाळेत आपण विनोबांची ओळख दोन ओळींत करून घेतो : भूदान आणि गीताई. तिसरी ओळ मला आमच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या चरित्रात सापडली, ती अशी की आश्रमात आल्यावर विनोबा आधी विणकर झाले. सूतकताई नंतरची.

ही ओळ मला का खटकली ते सांगायला हवे. माझे आजोबा संगमनेरचे साळी. बाराव्या वर्षी ते मागावर बसले, लुगडी विणली, आणि १९७२ च्या दुष्काळात माग मोडून भोसरीला आले. आमच्या घरात खादीविषयी फारसे प्रेम नाही. आश्रमातल्या लोकांनी हौसेने विणले, आम्ही पोटासाठी विणले, असे आजोबांचे मत. तेव्हा विनोबा विणकर होते म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे असे मी ठरवले. हा लेख त्यातून झाला.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातील गागोदे गावचा. वडील नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि पुढे सारे कुटुंब तिकडे गेले. नरहरराव हे आधुनिक वळणाचे, हिशोबी, विज्ञानाची गोडी असलेले गृहस्थ. कापड आणि रंग हा त्यांच्या आवडीचा विषय. घरी कापडाचे तुकडे निरनिराळ्या रंगांत बुडवून ते प्रयोग करीत. आई रुक्मिणीबाई यांचा ओढा भक्तीकडे. मुलाने फ्रेंच घ्यावे अशी वडिलांची इच्छा होती, तर ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकावे असे आईला वाटे. चरित्रकार आईच्या भक्तीवर पुष्कळ लिहितात, आणि ते योग्यच आहे, कारण संस्कृत न जाणणाऱ्या आईसाठी म्हणून गीताई जन्माला आली. पण मला वाटते वडिलांच्या वाट्याला थोडा अन्याय आला आहे. पुढे आयुष्यभर विनोबा जे मोजमाप करीत राहिले, किती वार, किती तार, किती तास, किती पैसे, ती सवय त्या रंगाच्या तुकड्यांपाशी जडली असावी.

शाळा-कॉलेजात त्यांचे मन नव्हते. एकदा आई स्वयंपाक करीत असताना त्यांनी आपली प्रशस्तिपत्रके चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथे हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातल्या गांधीजींच्या भाषणाची चर्चा अजून चालू होती. वर्तमानपत्रातून भाषण वाचले, पत्रे पाठवली, उत्तरे आली, आणि शेवटी येऊन भेटण्याचे निमंत्रण आले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब येथील आश्रमात दोघांची भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत होते, आणि पाहुण्याच्या हातीही त्यांनी चाकू दिला.

आता मुख्य गोष्ट. १९१६ साली त्या आश्रमात चरखा नव्हता. आपल्या डोळ्यांपुढे गांधीजी म्हटले की चरखा येतो, म्हणून हे वाचून मी थबकले. १९०९ साली हिंद स्वराज्य लिहिताना गांधीजींनी हातमाग किंवा चरखा पाहिलाही नव्हता, आणि १९१५ साली आफ्रिकेतून परतल्यावरही चरखा त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता, असे त्यांनीच आत्मकथेत सांगून ठेवले आहे. आश्रमात आधी आले ते माग. त्यावर शिकवणारा कोणी नव्हता. नोकरी करणारे किंवा व्यापार करणारे सगळे, कारागीर एकही नाही. पालनपूरहून एक जाणकार आणला, पण त्याने आपली सारी विद्या काही दिली नाही. मगनलाल गांधी मुळात हाताचे हुशार. त्यांनी ती एकेक करीत उकलली आणि मग इतरांना शिकवली. मागावर सूत चढे ते गिरणीचे. त्यातही मौज अशी की गावोगावचे विणकर परदेशी बारीक सुतावर विणत, कारण तसे सूत इकडच्या गिरण्या काढीत नसत. स्वदेशी सुतावर विणायला जे तयार झाले त्यांनी अट घातली की होईल तेवढे कापड आश्रमाने विकत घेतले पाहिजे. आजोबांना हे वाचून दाखवले तेव्हा ते प्रथमच खूश झाले. त्या विणकरांना व्यवहार कळत होता, एवढेच बोलले.

विनोबांच्या वाट्याला आली ती नवार. खाटेची नवार आता आपल्याकडे नायलॉनची मिळते, पण तेव्हा ती जाड सुताची, चारेक बोटे रुंद पट्टी असे. हिशोब असा मांडला होता की माणसाने दिवसाला २५ यार्ड नवार विणली तर त्याचा निर्वाह चालेल. पंचवीस यार्ड म्हणजे पंच्याहत्तर फूट, आजच्या मापाने तेवीस मीटरांच्या आसपास. हा संस्कृत वाचणारा, शरीराने काटकुळा, एकवीस वर्षांचा मुलगा तो आकडा गाठण्याच्या मागे लागला. दिवस पुरेना. काम जमू लागले, हात बसला, आणि आकडा गाठला गेला तेव्हा असे दिसले की त्यापुढे माणसात दुसरे काही करण्याचे त्राण उरत नाही.

मी हे वाचून घरी गेले आणि नवार विणून पाहायची असा हट्ट धरला. आजोबांनी आधी हसून टाळले. मग गच्चीवर दोन खुंट्या घट्ट केल्या, जाड दोऱ्याचा ताणा लावला, एक आड एक धागे उचलायला सुताच्या वयी बांधल्या, आणि बाणा ठोकायला लाकडाची चपटी फळी तासून दिली. धोट्याऐवजी काडीला दोरा गुंडाळला. धागे उचलायचे, काडी पार करायची, फळीने ठोकायचे, धागे पालटायचे, पुन्हा काडी, पुन्हा ठोका. एवढेच. नवारीला अक्कल फार लागत नाही, पाठ लागते, असे आजोबा आधीच सांगून चुकले होते. एक रविवार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी बसले. संध्याकाळी मोजली तर अडीच यार्ड भरली, आणि त्यातही कडा वाकड्यातिकड्या, कारण ठोका एकसारखा बसत नव्हता आणि बाणा ओढताना कधी जास्त ओढला जाई, कधी सैल राही. बोटांना फोड आले ते निराळेच. पंचवीस यार्ड ही काय चीज आहे ते मला त्या रात्री कळले, आणि विनोबांविषयीची आजोबांची भाषाही त्या दिवसापासून किंचित बदलली. ते त्यांना आता भावे म्हणतात, साधुबुवा म्हणत नाहीत.

या २५ यार्डांचा हिशोब विनोबांनी पुढे कधी सोडला नाही असे मला वाटते. पण मध्ये एक वर्ष वाईचे आले. प्रकृती बिघडली होती आणि शास्त्रांचा अभ्यास राहिला होता, म्हणून १९१७ मध्ये रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले. उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे यांचा अभ्यास केला, पायी पुष्कळ हिंडले, विद्यार्थ्यांचे एक मंडळ काढले आणि त्याच्या वाचनालयासाठी मुलांकडून जात्यावर दळण दळून पैसे उभे केले. आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाला ही कल्पना सुचवावी की काय, असा विचार मनात येऊन गेला. असो. ज्या दिवशी आश्रम सोडला होता त्याच दिवशी बरोबर एक वर्षाने ते परतले. गांधीजी तो वायदा विसरूनही गेले होते.

तोपर्यंत आश्रमाचे पाऊल पुढे पडत होते. गिरणीच्या सुतावर विणणे म्हणजे गिरणीचे फुकट दलाल होणे, ही टोचणी सर्वांना होती. गंगाबेन मजमुदार या बाईंनी बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले, आणि मग कापसापासून कापडापर्यंतची सारी साखळी हाती आली : सरकी काढणे, पिंजणे, पेळू वळणे, कातणे, लडी करणे, खळ देणे, ताणा, आणि शेवटी माग. विनोबांनी यातले प्रत्येक काम हाताने केले. पण हातकताईचे सूत मागावर आले की विणकर रडकुंडीला येतो, ही गोष्ट त्यांना माग चालवल्यामुळे ठाऊक होती. ताण्याचा धागा सतत ताणलेला असतो, वयीतून वरखाली होतो, फणीच्या दातांशी घासला जातो. त्यात कुठे पीळ कमी, कुठे गाठ, कुठे बारीक झाला की तो तुटतो. तुटला की माग थांबवून सांधायचा. दिवसातून शंभरदा सांधणाऱ्या विणकराला मजुरी मिळते ती विणल्याची, सांधल्याची नाही. म्हणून विणकर खादीला नाक मुरडत, आणि खादीभक्त विणकरांना दोष देत. चांगल्या कापडाचे मूळ कातणाऱ्याच्या बोटांत आहे हे विनोबांनी ओळखले, आणि पुढची वीसेक वर्षे या एका गोष्टीवर घातली. भक्त पुष्कळ होते, पण सुताचा पीळ तपासणारे थोडे.

८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्याला आले. तिथून पुढचा भाग सर्वांना परिचित आहे, म्हणून मी भरभर जाते. १९२३ मध्ये महाराष्ट्र धर्म हे नियतकालिक, त्यातलेच लेख पुढे मधुकर या पुस्तकात आले. त्याच साली नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि तुरुंग. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अशी अठरा गीता प्रवचने, जी साने गुरुजींनी उतरून घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस ते वर्ध्याजवळच्या नालवाडी या हरिजनांच्या वस्तीत राहायला गेले.

नालवाडीत त्यांनी तो जुना हिशोब पुन्हा उघडला. या वेळी नवारीऐवजी सूत. चरखा संघ कातणाऱ्या बायकांना जी मजुरी देत होता तेवढीच आपण घ्यायची आणि तेवढ्यावरच जगायचे, असा तो प्रयोग. रोज आठ-नऊ तास ते कातू लागले. कातता कातता शिकवणे चाले, बोलणे चाले, पण हात थांबत नसे. उजवा हात थकला की डावा, आणि दोहोंच्या सुतात फरक पडतो का याची तपासणी. संध्याकाळी तार मोजायचे आणि दर लावायचा. निघे ते असे की दिवसभर कातणाऱ्या कुशल माणसाचेही त्या दरात पोट भरत नाही. मग ज्या खेड्यातल्या बाईला घर, मुले आणि शेत सांभाळून कातायचे, तिचे काय? १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे निर्वाह-मजुरीचा प्रश्न मांडला. आठ तास नीट कातणाऱ्याला आठ आणे मिळावेत असे त्यांचे म्हणणे होते. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड खादीवाल्यांतूनच झाली. आठ आणे काही मिळाले नाहीत, परंतु मजुरी वाढवावी लागली.

मला या चरित्रात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जागा, भूदानाहूनही. दर ठरवणारा माणूस त्या दरावर स्वतः जगून पाहतो, हे मी दुसरीकडे फारसे वाचलेले नाही. माझे वडील चाकणच्या पट्ट्यात ठेकेदारामार्फत काम करतात. किती नग झाले त्यावर त्यांचा पगार हलतो. नगाचा आकडा कोणी तरी कुठे तरी बसून ठरवतो. तो आकडा गाठून झाल्यावर माणसात त्राण किती उरते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. वडील घरी येऊन जेवतानाच पेंगू लागतात, तेव्हा मला नवारीचे पंचवीस यार्ड आठवतात. आमच्या वर्गात या विषयावर वाद झाला. हाताने कातून देशाचे दारिद्र्य जाणार नव्हते, यंत्र हवेच होते, असे अर्थशास्त्राच्या आमच्या सरांचे मत आहे आणि मला ते खोडता येत नाही. आजोबांचा माग यंत्रमागापुढे टिकला नाही ही तर घरचीच साक्ष. पण दराचा प्रश्न यंत्राने सुटला का, हे मी सरांना विचारले, आणि त्यावर त्यांनी तास संपल्याचे निमित्त केले नाही, प्रश्न पुढच्या तासाला घेतला, हेही इथे नोंदवते.

टकळीचे प्रकरण थोडक्यात सांगते. चरखा सर्वांना परवडत नाही, टकळी मुलाच्या खिशातही मावते. म्हणून विनोबांनी टकळीवरच्या कताईची पद्धत सुधारून तिचा वेग वाढवला. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार पुढे आला, तेव्हा गणित, इतिहास, भूगोल हे सारे कताईविणाईच्या आधाराने कसे शिकवता येईल हे सांगायला त्यांच्याजवळ वर्षांचा अनुभव होता. कताईवर त्यांनी एक पाठ्यपुस्तकही लिहिले. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली तेव्हा देशातल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेही नव्हते. त्यांची ओळख करून देताना गांधीजींनी विद्वत्तेबरोबरच टकळी आणि सूत यांचा खास उल्लेख केला, आणि निर्दोष कताईत त्यांच्या तोडीचा माणूस बहुधा हिंदुस्थानात नसावा असा अभिप्राय दिला.

प्रकृती ढासळल्यामुळे १९३८ मध्ये ते पवनारला धाम नदीच्या काठी राहायला आले होते. तुरुंगवास, स्वातंत्र्य, गांधीजींचा खून, आणि मग १८ एप्रिल १९५१. तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. इथून तेरा वर्षांची पदयात्रा सुरू झाली. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. त्यातली पुष्कळशी कधी वाटलीच गेली नाही, काही तर खडकाळ किंवा भांडणातली होती. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मला मात्र पोचमपल्लीचे निराळेच नवल वाटते. हे गाव विणकरांचेही आहे. तिथे आधी सुताच्या लडीला ठरावीक जागी बांधून रंगात बुडवतात, पुन्हा बांधतात, पुन्हा बुडवतात, आणि मगच ते सूत मागावर चढवतात. नक्षी कापडावर काढलेली नसते, ती धाग्यातच आधी हिशोबाने बसवलेली असते. पुण्याच्या दुकानांत त्या साड्या दिसतात. रंगाचे तुकडे जपणाऱ्या वडिलांचा, मागावर बसलेला हा मुलगा नेमक्या त्या गावी आला, हा योगायोगच. पण एखाद्या चरित्रकाराने त्याची दखल घ्यायला हवी होती.

शेवटच्या काळाबद्दल मतभेद आहेत. १९७५ साली ते वर्षभराच्या मौनात होते, आणि आणीबाणीविषयी त्यांनी लिहून दाखवलेल्या दोन शब्दांचा सरकारने आपल्या प्रचारासाठी मनसोक्त वापर केला. जयप्रकाश तुरुंगात असताना विनोबांनी स्पष्ट विरोध करायला हवा होता, असे अनेकांना वाटले, आणि मलाही तसेच वाटते. मोठ्या माणसाचा धागाही कुठे कमकुवत असू शकतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, पवनारला त्यांचे देहावसान झाले. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

हा लेख संपादकांकडे देण्याआधी मी आजोबांना वाचून दाखवला. गांधी, गीता, भूदान हे सारे त्यांनी डोळे मिटून ऐकले. सूत तुटण्याच्या परिच्छेदाशी मात्र त्यांनी मला थांबवले. धागा तुटतो तो नेहमी कातणाऱ्याच्या चुकीने नव्हे. चैत्र-वैशाखात हवा कोरडी झाली की गिरणीचे चांगले सूतसुद्धा तुटते, म्हणून तर त्यांच्याकडे माग खड्ड्यात असे, आणि उन्हाळ्यात खाली ओले पोते अंथरीत. एवढे त्यात घाल, असे त्यांनी सांगितले, म्हणून घातले आहे.